समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या बॅटरीसाठी मॅग्नेशियमचे कोणते संमिश्र निवडावे?

तरंगिणी (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगत राहून तापमानाच्या नोंदी पाठवणाऱ्या एका छोट्या उपकरणासाठी मी बॅटरीचा अभ्यास करते आहे. कोरड्या अवस्थेत कितीही काळ पडून राहावी आणि पाण्यात पडल्यावर जागी व्हावी, अशी ही बॅटरी हवी आहे. एका सेलमधून १० दिवस सलग साधारण ५० मिलिअँपिअर प्रवाह मिळाला, तर पुढे व्होल्टेज वाढवणाऱ्या परिपथाने माझे काम भागते. अ‍ॅनोड, म्हणजे विरघळत जाऊन इलेक्ट्रॉन देणारा पत्रा, मॅग्नेशियमचा असणार हे निश्चित आहे. कॅथोडसाठी, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेणाऱ्या बाजूसाठी, क्युप्रस क्लोराइड किंवा सिल्व्हर क्लोराइड यांपैकी एक निवडेन.

मॅग्नेशियममध्ये थोडे अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त असलेल्या एझेड३१ या संमिश्राच्या पत्र्यावर चाचण्या घेताना मला तीन गोष्टी दिसल्या. पाठ्यपुस्तकात मॅग्नेशियमचा प्रमाण विभव उणे २.३७ व्होल्ट दिलेला असतो आणि सिल्व्हर क्लोराइडचा अधिक ०.२२. त्या हिशेबाने अडीच व्होल्टच्या वर मिळायला हवे, पण मीटरवर दीड-पावणेदोनच्या पुढे काटा जात नाही. दुसरे असे की प्रवाह काढला नाही तरी पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि प्रवाह काढू लागले की ते कमी होण्याऐवजी वाढतात. तिसरी गोष्ट वजनाची आहे. पत्र्याचे वजन जितके घटते त्याच्या जेमतेम निम्म्या धातूचा हिशेब मिळालेल्या विजेशी जुळतो.

माझ्या वाचनात सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि पाच टक्के शिसे असलेल्या एपी६५ या संमिश्राची स्तुती वारंवार येते. ते सर्वांत चांगले असेल, तर तेच का वापरू नये, असे माझे मत होत चालले आहे. ज्यांनी या विषयात काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

धातुमित्र

प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो.

आधी व्होल्टेजबद्दल. उणे २.३७ हा आकडा उघड्या, स्वच्छ मॅग्नेशियमचा स्वतःच्या आयनांशी समतोल गृहीत धरतो. पाण्यात असा पृष्ठभाग क्षणभरही टिकत नाही. त्यावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडचा पापुद्रा लगेच येतो, आणि त्याच पृष्ठभागावर एकीकडे धातू विरघळत असतो तर दुसरीकडे पाण्यापासून हायड्रोजन सुटत असतो. मीटर दाखवतो तो या दोन क्रियांच्या ओढाताणीतून ठरलेला मिश्र विभव. समुद्राच्या पाण्यात तो संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (विभव मोजताना तुलनेसाठी वापरायच्या ठरावीक इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे १.६ व्होल्टच्या आसपास असतो. गमावलेला जवळजवळ एक व्होल्ट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो.

आता बुडबुड्यांकडे येऊ. जस्त किंवा लोखंडाला अ‍ॅनोडच्या दिशेने ढकलले की त्यावरचा हायड्रोजन कमी होतो. मॅग्नेशियमवर तो वाढतो, आणि या वर्तनाला ऋण-फरक परिणाम म्हणतात. विरघळण्याची क्रिया जिथून पुढे सरकते तिथे मागे काळसर थर राहतो, आणि त्या थरावर हायड्रोजन सुटणे मूळ धातूपेक्षा सोपे जाते. शिवाय धातूत असलेले लोहाचे सूक्ष्म कण विरघळत नाहीत. भोवतालचा मॅग्नेशियम जात राहतो, ते कण पृष्ठभागावर साचत जातात आणि प्रत्येक कण एक छोटा कॅथोड होतो. म्हणजे जितका प्रवाह काढाल तितकी हायड्रोजन सोडणारी जागा तुम्ही स्वतःच तयार करत जाता.

वजनाच्या हिशेबात आणखी एक चोर आहे. स्फटिककणांच्या सीमा आधी खाल्ल्या गेल्या की मधला धातूचा तुकडा, कोणताही इलेक्ट्रॉन न देता, तसाच्या तसा गळून पडतो. चाचणीनंतर तळाशी साठलेल्या पांढऱ्या गाळात करडे चकाकणारे कण दिसतात का, हे भिंगाखाली जरूर पाहा.

---

क्षारपाणी

एक विचारू का? चाचण्या खऱ्या समुद्राच्या पाण्यात घेतल्या आहेत की मिठाच्या द्रावणात?

---

तरंगिणी

साडेतीन टक्के मिठाच्या द्रावणात. प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष त्याच द्रावणातले असल्यामुळे तुलना सोपी जाईल असे वाटले.

---

क्षारपाणी

तुलनेसाठी ते योग्य आहे, पण तेवढ्यावर उपकरणाचे आयुष्य ठरवू नका. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असले तरी ते सगळे मीठ नसते. त्यात सल्फेट असते, बायकार्बोनेट असते, कॅल्शियम असते, आणि किलोमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियमही आधीपासूनच असते. पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास राहतो, पण जिथे हायड्रोजन सुटतो तिथे तो वर चढतो, आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने संतृप्त झालेल्या पाण्यात १०.४ पर्यंत पोहोचतो. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कवच जमू लागते. साध्या मिठाच्या द्रावणात हे कवच कधीच दिसणार नाही. शिवाय चंचुपात्रात तेच ते पाणी राहते, तर समुद्रात ते सतत बदलत असते.

तापमान आणि ठिकाणही लक्षात घ्यावे लागेल. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरमागे पाच सीमेन्सच्या थोडी वर असते, आणि शून्य अंशाजवळ ती तीनच्या आसपास उतरते. बाल्टिक समुद्राच्या मध्यभागी पृष्ठभागावरच्या पाण्यात किलोमागे जेमतेम सात-आठ ग्रॅम क्षार असतात. उपकरण कुठे सोडणार यावर दोन पत्र्यांमधले अंतर किती ठेवायचे हे अवलंबून राहील.

---

भट्टीवाला

धातुमित्रांनी लोहाच्या कणांचा उल्लेख केला आहे, तो मुद्दा वितळवणाऱ्याच्या बाजूने मांडतो, कारण संमिश्राचे नाव सारखे असूनही दोन पत्रे वेगळे का वागतात याचे उत्तर बहुधा भट्टीत सापडते.

हॅनवॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली दाखवून दिले की लोह, निकेल आणि तांबे यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की मॅग्नेशियम गंजण्याचा वेग अचानक अनेक पटींनी वाढतो. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोहाची ही मर्यादा दशलक्षात सुमारे १७० भाग मानली जाते, आणि निकेलच्या बाबतीत ती त्याहून पुष्कळ कडक आहे. अ‍ॅल्युमिनियम मिसळले की लोहाची मर्यादा आणखी खाली येते. उपाय म्हणून अशा संमिश्रात थोडे मँगनीज घालतात. ते अ‍ॅल्युमिनियम आणि लोहाशी संयोग पावून काही लोह गाळाबरोबर तळाशी नेते, आणि उरलेल्या लोहाभोवती कमी उपद्रवी कण तयार करते.

म्हणूनच मॅग्नेशियम साध्या पोलादाच्या मुशीत वितळवतात. निकेलयुक्त स्टेनलेस पोलाद वापरले तर निकेल वितळलेल्या धातूत उतरते, आणि नंतर कोणतीही प्रक्रिया करून तो अ‍ॅनोड सुधारत नाही. एपी६५ स्वतः ओतण्याचा विचार असेल, तर शिसे मॅग्नेशियमपेक्षा सहापटींहून अधिक जड असते हेही ध्यानात ठेवा. नीट ढवळले नाही तर ते तळाशी राहते आणि एकाच ओतिवाच्या वरच्या व खालच्या कापांचे गुण वेगळे येतात.

पत्रा विकत घेतलात तर रासायनिक विश्लेषणाचा दाखला मागून घ्या, आणि त्यात लोह आणि निकेलचे आकडे आहेत की नाही ते आधी पाहा.

---

निळाई

विषय रोचक आहे, पण मूळ निवडच तपासून पाहावी असे मला वाटते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्रॅममागे २९८० मिलिअँपिअर-तास साठवलेले असतात, तर मॅग्नेशियममध्ये २२०५. आकारमानाने पाहिले तर फरक दुपटीहून अधिक आहे. अ‍ॅल्युमिनियम सर्वत्र मिळते आणि ते हाताळायलाही सुरक्षित आहे. मग मॅग्नेशियमचा एवढा आग्रह का?

---

धातुमित्र

@निळाई, आकडे बरोबर आहेत. अडचण अ‍ॅल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या थराची आहे. समुद्राच्या उदासीन पाण्यात तो घट्ट बसून राहतो आणि अ‍ॅल्युमिनियमची कागदावरची शक्ती बाहेर येऊ देत नाही. गॅलियम, इंडियम, कथिल यांसारखी मूलद्रव्ये घालून तो थर सैल करता येतो, किंवा तीव्र अल्क वापरून विरघळवता येतो. अ‍ॅल्युमिनियम आणि सिल्व्हर ऑक्साइडच्या टॉर्पेडो बॅटऱ्यांत हा दुसरा मार्ग घेतात. युरोपीय एमयू९० हे त्याचे उदाहरण आहे. पण त्यासाठी अल्क सोबत न्यावा लागतो, त्याचे प्रमाण राखावे लागते, पाणी खेळवावे लागते. तरंगिणींच्या छोट्या उपकरणाला हे परवडणारे नाही. मॅग्नेशियमवरचा हायड्रॉक्साइडचा थर सच्छिद्र असतो आणि क्लोराइडसमोर टिकत नाही. त्यामुळे नुसत्या समुद्राच्या पाण्यात, कोणत्याही मदतीशिवाय, मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड काम सुरू करतो.

---

मूलस्थान

मला थोडे कठोर मत मांडायचे आहे. आज लिथियमच्या प्राथमिक सेलमध्ये याहून कितीतरी अधिक ऊर्जा मिळते, त्यांचे साठवण-आयुष्यही दहा वर्षांपर्यंत जाते, आणि पाण्याचा स्पर्श ओळखणारा साधा स्विच लावला की उपकरण पाण्यात पडल्यावर सुरू होते. अशा वेळी निम्मा धातू हायड्रोजन करून टाकणाऱ्या अ‍ॅनोडवर श्रम का घालवायचे?

---

दर्यावर्दी

मूलस्थान यांचा प्रश्न रास्त आहे, आणि जहाजावर प्रत्यक्षात दोन्ही प्रकार दिसतात. जीवरक्षक जाकिटावरच्या दिव्याने किमान ०.७५ कँडेला प्रकाश किमान आठ तास दिला पाहिजे, असा जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. पूर्वी या दिव्यांत सर्रास मॅग्नेशियमचीच बॅटरी असे. आता पाण्याचा संवेदक लावलेल्या लिथियमच्या बॅटऱ्याही येतात.

तरीही पाण्याने जागी होणाऱ्या बॅटरीचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. साठवणीत असताना तिच्यात विद्युतअपघटनी द्रवच नसतो. त्यामुळे ती आपोआप उतरत नाही, गळत नाही, शॉर्ट झाली तरी तापत नाही. काळजी घ्यायची ती ओलाव्याची. वेष्टन फुटले, दमट हवा आत गेली, की अ‍ॅनोड हळूहळू पांढरा पडतो. एकदा भिजलेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरता येत नाही. तपासणीत बाहेरून कोरडी दिसणारी पण आतून पांढरी झालेली बॅटरी मी पाहिली आहे, आणि आणीबाणीच्या वेळी ती कुणाच्या गळ्यात असती तर काय झाले असते या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. म्हणून वेष्टनाची शिवण आणि मुदतीची तारीख पाहण्याचा मी नेहमी आग्रह धरतो.

---

प्रश्नांकित

विमानाच्या ब्लॅक बॉक्सवरचे, पाण्यात पडल्यावर संदेश पाठवणारे उपकरणही मॅग्नेशियमच्या बॅटरीवरच चालते ना?

---

दर्यावर्दी

नाही. पाण्याच्या स्पर्शाने तिथे फक्त परिपथ पूर्ण होतो. आतली बॅटरी बंदिस्त आणि बहुधा लिथियमची असते. ३७.५ किलोहर्ट्झचा तो ध्वनिसंकेत पूर्वी ३० दिवस चालावा अशी अट होती, आता नव्या उपकरणांसाठी ती ९० दिवसांची आहे. पाणी हा तिथे स्विच आहे, बॅटरीचा घटक नाही.

---

अभिलेख

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण संमिश्रांची निवड त्यातूनच समजते.

मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडची समुद्रजल बॅटरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळेत टॉर्पेडोसाठी विकसित झाली. सिल्व्हर क्लोराइड हा क्षार असूनही धातूसारखा लाटता येतो. त्याचे पातळ तक्ते करता येतात, आणि पृष्ठभागावर चांदीचा पातळ थर उतरवून ते विजेचे वाहक बनवता येतात. टॉर्पेडोच्या बॅटरीला आयुष्य मिनिटांचे असते. दर चौरस सेंटिमीटरमागे शेकडो मिलिअँपिअर प्रवाह तिला तेवढ्याच वेळात द्यावा लागतो. अमेरिकेचा मार्क ४४ आणि ब्रिटनचा स्टिंग रे ही या बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्पेडोंची ठळक उदाहरणे आहेत.

अशा प्रचंड प्रवाहाला अ‍ॅनोडवरचा हायड्रॉक्साइडचा थर क्षणभरही साचून चालत नाही. म्हणून आधी एझेड६१ (एझेड३१ पेक्षा अधिक अ‍ॅल्युमिनियम असलेले संमिश्र) वापरले गेले आणि पुढे ब्रिटनमध्ये एपी६५ आणि एमटीए७५ ही खास संमिश्रे तयार झाली. एमटीए७५ मध्ये सात टक्के थॅलियम आणि पाच टक्के अ‍ॅल्युमिनियम असते. पारा आणि गॅलियम घातलेली संमिश्रेही अभ्यासली गेली आहेत. या साऱ्या मूलद्रव्यांनी थर सोलला जातो आणि ताजा धातू उघडा पडत राहतो.

म्हणून तरंगिणी यांना माझे नम्र सांगणे असे की, एपी६५ ची स्तुती खरी आहे, पण ती मोठ्या प्रवाहाच्या संदर्भात केलेली आहे.

---

विद्युल्लता

अभिलेख यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. उपयोगिता, म्हणजे विरघळलेल्या धातूपैकी विजेत रूपांतरित झालेला भाग, हा संमिश्राचा स्थिर गुणधर्म आहे असे समजून तक्ते वाचले जातात, आणि इथेच दिशाभूल होते. मोठ्या प्रवाह-घनतेला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे मोठा प्रवाह काढताना, एपी६५ ची उपयोगिता ८० टक्क्यांच्या पुढे गेल्याची मोजमापे आहेत. तोच पत्रा दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअरवर चालवला, तर त्याचे आपोआप गंजणे प्रवाहाच्या तुलनेत मोठे ठरते आणि उपयोगिता घसरते. थर सोलणारे शिसे तिथे मदत करण्याऐवजी धातू उगाच उघडा ठेवते.

दीर्घकाळ आणि मंद चालणाऱ्या बॅटरीत आपल्याला उलट गुण हवा असतो. थर इतपत सैल हवा की प्रवाह जावा, आणि धातू इतका शुद्ध हवा की रिकाम्या वेळी तो गंजू नये. म्हणूनच अलीकडे फार थोडे, दहाव्या हिश्शाएवढ्या टक्क्याचे, कॅल्शियम घातलेल्या शुद्ध मॅग्नेशियमवर काम होत आहे.

धातुमित्रांच्या एका विधानावर मात्र माझा आक्षेप आहे. ऋण-फरक परिणामाचे श्रेय त्यांनी सरळ काळसर थराला दिले. १९५४ मध्ये पेटी, डेव्हिडसन आणि क्लाइनबर्ग यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार मॅग्नेशियम आधी एकच इलेक्ट्रॉन सोडून एकधन आयन होते, आणि तो आयन पुढे पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडतो. हिशेबात निम्माच धातू का सापडतो याचे ते सरळ स्पष्टीकरण आहे. त्याला इतक्या सहज बाजूला सारू नये.

---

धातुमित्र

@विद्युल्लता, मी ती कल्पना वगळली ती विचारपूर्वक. एकधन आयन पाण्यात स्वतंत्रपणे कुणी थेट पकडलेला नाही. त्याच्या बाजूचे सारे पुरावे हिशेबातल्या तफावतीवरून काढलेले अनुमान आहेत. विरघळणारा मॅग्नेशियम त्याच क्षणी वर्णपटाने मोजणाऱ्या पद्धती आल्यानंतर असे दिसले की द्रावणात गेलेला धातू दोन इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाशी जुळतो. पृष्ठभागावरचा प्रवाह ठिकठिकाणी मोजणाऱ्या सुईच्या साहाय्याने काळसर भाग कॅथोडसारखा वागतो हेही पाहता येते. जे स्पष्टीकरण डोळ्यांसमोर दाखवता येते त्याला मी अग्रक्रम देतो.

---

विद्युल्लता

द्रावणात पोहोचेपर्यंत तो आयन द्विधन झालेला असू शकतो, त्यामुळे त्या मोजमापाने पृष्ठभागावरची क्षणिक अवस्था नाकारली जात नाही. मात्र अ‍ॅनोड सुधारण्यासाठी काय करावे, या प्रश्नावर आपले उत्तर सारखेच येते. लोह कमी करावे आणि काळसर थराची वाढ रोखावी. म्हणून इथे थांबते.

---

हरितसागर

कुणीच स्पष्ट बोलत नाही म्हणून लिहितो. थॅलियम अत्यंत विषारी आहे. पाऱ्याच्या वापरावर आणि उत्सर्जनावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ पासून लागू झाला. एक किलो एपी६५ मध्ये ५० ग्रॅम शिसे असते. समुद्राची निगा राखण्यासाठी सोडलेले उपकरण परत गोळा होणार नसेल, तर त्यातला अ‍ॅनोड शिसे मागे सोडून विरघळून जाणार आहे, हे मला मान्य होत नाही. मॅग्नेशियम स्वतः समुद्रातच मुबलक आहे. १९४१ पासून टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट येथे ते समुद्राच्या पाण्यातूनच काढले जात होते, आणि ते विरघळून परत पाण्यात गेले तर कुणाचे बिघडत नाही. सोबत शिसे कशाला पाठवायचे?

---

भट्टीवाला

एका उपकरणातले शिसे प्रमाणाने थोडे आहे, आणि त्यातला मोठा भाग गाळाबरोबर बसतो. तरीही हरितसागर यांच्याशी मी सहमत आहे, कारण वितळवणाऱ्या माणसाने शिशाचा धूर का घ्यावा? पर्याय म्हणून कथिल आणि इंडियम घातलेली संमिश्रे पुष्कळ तपासली गेली आहेत. मंद प्रवाहासाठी तर शिशाची गरजच नाही, हे वर विद्युल्लतांनी सांगितलेच आहे.

---

परिपथी

व्होल्टेजबद्दल एक सूचना. दोन-तीन सेल मालिकेत जोडून व्होल्टेज वाढवण्याचा मोह टाळा. सगळे सेल एकाच समुद्रात बुडालेले असले की पाण्यातूनच एका सेलकडून दुसऱ्याकडे गळतीचा प्रवाह वाहतो आणि अ‍ॅनोड बाहेरच्या परिपथाला काही न देता झिजतो. टॉर्पेडोच्या बॅटरीत सेल वेगळे ठेवून पाणी लांब, अरुंद वाटांनी आत-बाहेर नेतात, म्हणजे गळतीच्या मार्गाचा रोध वाढतो. छोट्या उपकरणात एकच सेल ठेवून व्होल्टेज इलेक्ट्रॉनिक परिपथाने वाढवणे श्रेयस्कर, आणि तुम्ही तेच ठरवले आहे हे पाहून बरे वाटले.

---

क्षारपाणी

एकच सेल आणि व्होल्टेज वाढवणारा परिपथ, ही रचना नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेने दीर्घकाळ चालणाऱ्या समुद्रजल बॅटरीसाठी वापरलेली आहे. तिथे कॅथोड म्हणून क्षार नसतो. कार्बन तंतूंच्या ब्रशवर पाण्यात विरघळलेला प्राणवायूच वापरला जातो. मोह होतो खरा, पण हिशेब पाहा. १५ अंशाला हवेशी समतोल राखलेल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्यातला प्रत्येक कण वापरला गेला तरी एका लिटरमधून २७ मिलिअँपिअर-तासच मिळतात. तरंगिणींच्या ५० मिलिअँपिअरसाठी तासाला जवळजवळ दोन लिटर पाणी पूर्ण निचरून घ्यावे लागेल, आणि प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट पाणी ब्रशमधून वाहावे लागेल. जिथे प्रवाह चांगला आहे आणि महिनोन्महिने काम हवे आहे तिथे ही रचना उत्तम. १० दिवसांसाठी क्युप्रस क्लोराइड सोपे पडेल.

---

मूलस्थान

उत्तरे वाचून माझ्या प्रश्नाचा एक भाग सुटला. दुसरा भाग राहतोच: ऊर्जा कमी असताना हा प्रकार कुठे खरोखर वरचढ ठरतो?

---

विद्युल्लता

खोल पाण्यात. दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो. लिथियमच्या बंदिस्त सेलला त्या दाबापासून वाचवणारे जाड कवच लागते किंवा तेलात बुडवून दाब समान करावा लागतो. मॅग्नेशियमचा उघडा सेल पाण्यातच बसतो, त्याला कवच लागत नाही. खोलीवर सुटलेला हायड्रोजनही दाबामुळे फार थोडी जागा घेतो, त्यामुळे बुडबुड्यांनी पत्रे झाकले जाण्याचा त्रास उथळ पाण्यापेक्षा कमी होतो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या उपकरणाला हा लाभ मिळत नाही, तिथे साठवणीतली सुरक्षितता हेच मुख्य कारण राहते.

---

धातुमित्र

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ आणि आकडे मांडू.

५० मिलिअँपिअर १० दिवस म्हणजे १२ अँपिअर-तास. तेवढ्यासाठी सिद्धान्ताने ५.४ ग्रॅम मॅग्नेशियम पुरते. उपयोगिता ५० टक्के धरली तर सुमारे ११ ग्रॅम लागेल. त्याच कामासाठी सिल्व्हर क्लोराइड सुमारे ६४ ग्रॅम लागते आणि क्युप्रस क्लोराइड ४४ ग्रॅम. म्हणजे अ‍ॅनोडची उपयोगिता ५० वरून ८० टक्क्यांवर नेली तरी वाचतात चारच ग्रॅम. वजनासाठी शिसेयुक्त संमिश्राच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

उपयोगितेचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. वाया गेलेल्या प्रत्येक ग्रॅम मॅग्नेशियममागे सुमारे एक लिटर हायड्रोजन सुटतो. तुमच्या उपकरणात १० दिवसांत पाच-साडेपाच लिटर वायू निघेल आणि तो कुठेही अडकता कामा नये. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणून सेलचा वरचा भाग उघडा असावा आणि इलेक्ट्रॉनिक भागाचा डबा त्यापासून पूर्ण वेगळा असावा. हायड्रोजनचा एक उपकारही आहे. वर जाणारे बुडबुडे पाणी हलते ठेवतात आणि पांढरा गाळ पत्र्यांमध्ये साचू देत नाहीत. म्हणून पत्रे उभे ठेवा, आणि खालून पाणी येण्यास व गाळ पडण्यास मोकळी जागा ठेवा.

माझी निवड एझेड३१ किंवा एझेड६१ चीच राहील, अट एवढीच की लोह आणि निकेलचे प्रमाण दाखल्यात कमी दिसले पाहिजे. ५० चौरस सेंटिमीटरचा पत्रा घेतला तर त्याची सव्वा मिलिमीटर जाडी खर्च होईल. झीज कधीच सारखी होत नाही, कडा आधी जातात, म्हणून अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. तारेचा जोड पाण्याबाहेर ठेवावा, किंवा इपॉक्सीत पूर्ण बुजवावा. तांबे आणि मॅग्नेशियम एकत्र पाण्यात उघडे राहिले तर अ‍ॅनोड जोडापाशीच तुटतो, आणि बाकीचा पत्रा शाबूत असूनही उपयोगाचा राहत नाही.

---

तरंगिणी

सर्वांचे मनापासून आभार. एपी६५ चा विचार मी सोडते आहे. हरितसागर यांचे म्हणणे मनाला पटले आणि धातुमित्रांच्या हिशेबाने ते भक्कम झाले. पुढच्या चाचण्या समुद्राचे पाणी आणून, ते ठरावीक वेळाने बदलत, प्रत्यक्ष लागणाऱ्या प्रवाहावरच घेईन. एक विचारायचे राहिले. वजन मोजण्याआधी पत्र्यावरचा पांढरा थर खरवडून काढला तर चालेल का?

---

धातुमित्र

खरवडू नका, खाली चांगला धातूही निघतो आणि उपयोगिता आहे त्याहून कमी दिसते. प्रचलित पद्धतीत क्रोमिक आम्लाच्या द्रावणात पत्रा थोडा वेळ बुडवून थर विरघळवतात. मूळ धातूला त्याने जवळजवळ धक्का लागत नाही. मात्र त्यातले षड्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा आणि वायुवीजन यांची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच ते वापरा, आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता घातक रासायनिक कचऱ्यात द्या. तशी सोय नसेल, तर उलटे ठेवलेले नरसाळे आणि मोजनळी वापरून सुटणारा हायड्रोजन गोळा करा. त्याच्या आकारमानावरून वाया गेलेला धातू काढता येतो, फक्त तापमान आणि हवेचा दाब नोंदवायला विसरू नका. अखंड गळून पडलेले तुकडे या पद्धतीत सुटतात, म्हणून तळाचा गाळ गाळणकागदावर घेऊन तोही तपासावा.